उतारावरची हिरवी गाडी

बाबांनी गॅरेजचं दार दोन्ही हातांनी ढकललं, गाडी उजेडात आली आणि त्यांची मुलगी शिट्टीसुद्धा क्षणभर गप्प झाली. तिला गप्प करणं सोपं नव्हतं. ती जलतरण तलावावर मुलांना पोहायला शिकवायची, दिवसभर काठावर उभी राहून ओरडायची, आणि त्या आवाजामुळेच घरात तिचं हे नाव पडलं होतं.

साठच्या दशकातली ब्रिटिश स्पोर्ट्स कार होती ती. दोनच सीट, लांबलचक नाक, तारांची चाकं, डोक्यावर छप्पर नाही. बाबांनी ती आणली तेव्हा तिच्या तळातून गवत उगवलं होतं आणि डिकीत एका कोंबडीनं संसार मांडला होता. तेव्हापासून दहा-अकरा वर्षं बाबा पाणीपुरवठा खात्यातल्या नोकरीवरून घरी आले की गॅरेजमध्ये, आणि निवृत्त झाल्यावर तर सकाळ-संध्याकाळ तिथेच. त्यांनी कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, इंजिन दोनदा उघडून दोनदा बसवलं, दोन कार्ब्युरेटरांची तर हट्टी जुळ्यांसारखी समजूत काढली. आई म्हणायची, "लग्न ठरवताना माझ्याशीसुद्धा एवढं बोलला नव्हतात."

आता गाडी गर्द हिरवी झाली होती, आणि आज ती पहिल्यांदा लांब जाणार होती. डोंगरापलीकडे धरण होतं. तिथल्या पंपघरात बाबांनी अर्धं आयुष्य काढलेलं. जुनी मंडळी गाडी बघायला जमणार होती.

"शिट्टी, तू बरोबर जा," आई म्हणाली.

"आज सुट्टी आहे माझी. लोळू दे ना."

"जा म्हणते ना. आणि जरा लक्ष ठेव."

"कशावर?"

 आईनं पाण्याची बाटली तिच्या हातात कोंबली आणि आत निघून गेली. बाबांचा चेहरा उतरल्यासारखा वाटला. त्यांनी नवा पट्टा ओढून तिच्या मांडीवर घट्ट केला, स्वतःचा लावला आणि किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात घुमू लागलं.

शहराबाहेर पडेपर्यंत सगळं मजेत होतं. शाळकरी पोरं हात हलवत होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढून गाडीला सलाम ठोकला. बाबा गाडी हळू, रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीला धरून चालवत होते. मग एक सायकलवाला पुढे आला. शिट्टीला वाटलं, आता बाबा गाडी बाजूला घेतील. त्यांनी घेतली नाही. गाडीचा आरसा सायकलवाल्याच्या कोपराला चाटून गेला, आणि मागून अशी काही शिवी ऐकू आली की तलावावरच्या पोरांनी ती दिली असती तर शिट्टीनं त्यांना दिवसभर पाण्याबाहेर बसवलं असतं.

"बाबा! सायकल!"

"दिसली होती," बाबा म्हणाले. "जागा भरपूर होती."

जागा अजिबात नव्हती. पण शिट्टीनं विषय वाढवला नाही. नवी गाडी, पहिली फेरी, माणूस बावचळतो. तिनं आपली तशी समजूत घातली.

डोंगर चढून वर पोहोचले तेव्हा बाबांनी गाडी थांबवली. शिट्टीनं बाटली पुढे केली. बाबांचा हात बाटलीच्या शेजारून हवेतच गेला, मग परत येऊन त्यांनी ती पकडली. पाणी पिऊन ते तिच्याशी बोलू लागले, घाटातल्या पाइपलाइनविषयी, ती कशी फुटायची त्याविषयी. बोलताना ते तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. तिच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघत होते. शिट्टीला आठवलं, हे तर हल्ली नेहमीचंच. त्यांचं लक्ष गाडीत असतं, असं ती धरून चालली होती.

"पुढे मी चालवू का?" तिनं सहज विचारल्यासारखं केलं.

"तू? तुझ्या स्कूटरला गिअर तरी आहेत का? हिचा पहिला गिअर चालत्या गाडीत सरळ पडत नाही. इंजिनाचा आवाज ऐकून पाडावा लागतो. गिअरबॉक्सचे दात पाडशील."

ते हसले, आणि उतार सुरू झाला.

उताराचा रस्ता अरुंद होता. उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी, आणि शिट्टी दरीच्या बाजूला. गाडी इतकी बुटकी की दाराबाहेर हात सोडला असता तर कठड्याचे दगड बोटांना लागले असते. बाबा ब्रेक लावत, सोडत, वळणं घेत होते. सगळी वळणं त्यांना तोंडपाठ होती. या रस्त्यानं ते खात्याच्या जीपमधून हजारदा गेले होते. त्यामुळे ते रस्ता बघत होते की आठवत होते, हे बाजूला बसून कळणं कठीण होतं.

एका वळणावर समोरून निळा ट्रक आला. चढ चढताना तो धापा टाकत होता, आणि अर्धा त्यांच्या बाजूला होता. बाबांनी गाडी होती तिथेच ठेवली. अगदी सरळ, ट्रकच्या तोंडावर.

"बाबा, ट्रक! डावीकडे! डावीकडे घ्या!"

बाबांनी स्टिअरिंगला हिसका दिला. चाक कठड्याच्या मातीत गेलं, खडे दरीत उडाले, ट्रकचा भोंगा डोक्यावरून गेला.  गाडी पुन्हा रस्त्यावर आली, पुढे निघाली. 

"ट्रक दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला की."

"रंग कोणता होता?"

बाबांनी पुढचं वळण घेतलं.

"बाबा, ट्रकचा रंग कोणता होता?"

  बाटली, कान, सायकल, आणि गेलं वर्षभर आई त्यांना रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची, तेही, सगळं एकदम तिच्यासमोर येऊन उभं राहिलं.

"गाडी थांबवा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता थांबवा."

"थांबवतो," बाबा हळूच म्हणाले, आणि त्यांनी ब्रेकवर पाय दिला.

पाय सरळ तळाला जाऊन टेकला.

त्यांनी तो उचलून पुन्हा दाबला. पुन्हा. पुन्हा. पहिल्यांदा गाडीनं जरा मान तुकवल्यासारखं केलं, मग तेवढंही नाही. 

"काय झालं?"

"ब्रेक ऑईल गेलं. सगळं. पुढच्या चाकाची नळी सुटली असणार."

"म्हणजे?"

"म्हणजे ब्रेक नाहीत."

ते इतकं साध्या सुरात म्हणाले की शिट्टीला त्याचा अर्थ लागायला वेळ लागला. तोवर गाडीनं वेग धरला होता. पुढे वळण होतं.

"हँडब्रेक ओढ," बाबा म्हणाले. "तुझ्या उजव्या हाताला आहे. एकदम नको, मागची चाकं सरकतील. हळूहळू. आणि मला सांग पुढे काय आहे ते."

"तुम्हाला काय दिसतंय?"

"कडा दिसतात. मधलं नाही. सांग!"

शिट्टीनं दांडा ओढला. तिचा आवाज निघाला तो तलावाच्या काठावरचाच. पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्या पोराला लांबलचक काही सांगून उपयोग नसतो. एक शब्द, आणि तोही वेळेवर.

"उजवं वळण. मोठं. अजून नाही. अजून नाही. आता! आणखी. आणखी. सरळ करा!"

बाबांनी गिअरचा दांडा धरला. क्लच, मधे एक झटका ॲक्सिलरेटरला, पुन्हा क्लच. तिसऱ्यातून दुसरा पडला. इंजिन किंचाळलं, आणि दोघांची डोकी पुढे गेली. वेग कमी झाला, पण उतार गाडीला पुढे ढकलतच होता. मागून जळका वास येऊ लागला.

"डोंगराला घासू या का?" शिट्टी ओरडली. "समोरून कुणी नाही!"

"आत्ता नको. या वेगात नाली लागली तर उलटेल. डोक्यावर छप्पर नाही आपल्या. आधी पहिला पाडतो."

"मग पाडा!"

"वेग अजून जास्त आहे. ओढ जरा. थोडा आणखी. आवाज करू नकोस, मला इंजिन ऐकू दे."

"आवाज करू नको म्हणता आणि रस्ता सांग म्हणता!"

"रस्ता तेवढा सांग!"

"डावं वळण. छोटं. आता!"

ते वळण घेतलं. पुढे एक लांब ट्रक पाइप घेऊन मुंगीच्या पावलानं उतरत होता. मागे निघालेल्या पाइपांच्या टोकाला लाल फडकं बांधलं होतं. ती टोकं नेमकी त्यांच्या तोंडाच्या उंचीला होती.

"पुढे ट्रक आहे. आपल्याच बाजूला. हळू चाललाय. पाइप बाहेर आलेत."

"किती लांब?"

"तलावाच्या लांबीएवढा. कमीच."

बाबांनी श्वास घेतला. हॉर्नवर तळवा दाबून धरला. ट्रक बाजूला झाला नाही. त्याला बाजूला व्हायला जागाच नव्हती. बाबांनी क्लच दाबला, गिअर मधे आणला, इंजिन घुमवलं आणि मान एका अंगाला कलती करून ऐकत राहिले. पंपघरात ते मोटारीला कान लावून उभे राहायचे, तसेच. शिट्टीला लहानपणी ते बघायला आवडायचं. आत्ता तिला त्यांच्या कानशिलात हाणावीशी वाटत होती. गिअरचा दांडा पुढे गेला, खरखरला, अडला. त्यांनी परत इंजिन घुमवलं. या वेळी तो आत बसला.

गाडीला कुणी मागून धरल्यासारखं झालं. वेग निम्म्यावर आला. तरीही ती ट्रकपेक्षा वेगात होती.

"उजवीकडून काढायची," बाबा म्हणाले. "समोरून काही आलं तर मला कळणार नाही. तू म्हणशील तेव्हाच."

"वळणापलीकडचं मलाही दिसत नाही!"

"मग जेवढं दिसतं तेवढ्यावर ठरव. पण ठरव."

लाल फडकं जवळ आलं. शिट्टी सीटवरून अर्धी उठली, पट्टा पोटात रुतला. ट्रकच्या पलीकडे रस्त्याचा एक तुकडा तिला दिसला. रिकामा. त्यानंतर वळणाआड काय होतं, देव जाणे.

"आता! उजवीकडे! पूर्ण उजवीकडे!"

गाडी ट्रकच्या बाजूनं सरकली. पाइपांची टोकं शिट्टीच्या डोक्याशेजारून गेली. ट्रकचं मोठं चाक तिच्या खांद्याला लागून फिरत होतं. ड्रायव्हरनं खाली बघून तोंड वासलं. तेवढ्यात वळणातून मोटारसायकल आली.

"मोटारसायकल! डोंगराकडे ती जातेय, तुम्ही आहात तिथेच राहा! हलू नका! हलू नका!"

बाबा हलले नाहीत.  मोटारसायकल नालीत उतरली, डुचमळली, आणि पोरगा पाय टेकून कसाबसा उभा राहिला. गाडी ट्रकच्या पुढे निघून गेली.

"डावीकडे या. हळू. बस."

आता हँडब्रेकचा दांडा कितीही ओढला तरी त्यात जीव राहिला नव्हता. मागून धूर येत होता. मग उजव्या हाताला, डोंगराच्या बाजूला, शिट्टीला चढावर गेलेला कच्चा रस्ता दिसला. दगडखाणीचा. तोंडाशी आडवा बांबू लावलेला, आणि आत खडीचा ढीग.

"उजवीकडे खाणीचा रस्ता आहे. चढ आहे. बांबू लावलाय."

"माणूस आहे का कुणी?"

"नाही."

"समोरून?"

"कुणी नाही. तयार राहा. अजून नाही. आता!"

बांबू काडकन मोडून हवेत उडाला. खडी चाकांखाली ओरडली, गाडी चढावर चढली, अडखळली आणि लांबलचक हिरवं नाक ढिगात खुपसून थांबली. एक हेडलाइट फुटून खाली पडला. बाबांनी किल्ली बंद केली.

सगळीकडे धूळ होती. शिट्टीनं पट्टा सोडला. ती बाहेर आली, ढिगाला टेकून उभी राहिली आणि पोटातलं सगळं तिनं तिथेच ओकून टाकलं. मोटारसायकलवाला पोरगा गाडी वळवून त्यांच्या मागोमाग वर आला होता. त्यानं आधी तोंडाचा पट्टा सोडायची तयारी केली होती, पण दोघांची अवस्था बघून तो खाणीच्या रखवालदाराला शोधायला गेला.

बाबा गाडीतच बसून होते.

"कधीपासून?" शिट्टीनं विचारलं.

"उजव्या डोळ्याचं बरेच दिवस झाले. मधे एक डाग असतो. जिकडे बघावं तिकडे तोच येतो. डाव्याचं गाडीला रंग दिला त्या सुमारास सुरू झालं."

"आणि ब्रेकची नळी?"

"परवा बदलली. मीच." ते थांबले. "बोटांनी बसवली. आटे बरोबर बसले असं वाटलं."

"वाटलं?"

"हो."

"तुम्ही मला मारलं असतंत, बाबा. मला, त्या सायकलवाल्याला, या पोराला."

"हो," बाबा म्हणाले. दुसरं काही म्हणाले असते तर ती त्यांच्या अंगावर धावून गेली असती. "एकदाच चालवायची होती. पुरी झाल्यावर एकदाच. एकटाच येणार होतो. तुझी आई तुला पाठवते म्हणाली, तेव्हा नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. ते मला देता आलं नाही."

शिट्टी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. मग तिनं पंपघरातल्या लोकांना फोन लावला आणि तो बाबांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा," ती म्हणाली. बाबांनी सांगितलं. ब्रेक गेले एवढंच सांगून ते थांबले. मग पलीकडून कुणीतरी काहीतरी गमतीत बोललं असावं, कारण त्यांचा आवाज चिरकला आणि ते म्हणाले, "नाही रे. मला दिसत नाही. मला दिसत नसताना मी चालवत होतो."

गाडी खाणीच्या ट्रकवर चढून घरी परत आली. आई दारात उभी होती. तिनं आधी शिट्टीचे दंड चाचपले, मग बाबांचे. शिट्टीनं तिचे हात झटकले.

"तुला माहीत होतं."

"वाचता येत नाही एवढं कळलं होतं," आई म्हणाली. "पेपर मी काय हौसेनं वाचते? पण लांबचं दिसत असेल असं वाटलं मला. रस्ता काय, मोठा असतो."

"मग मला कशाला पाठवलंस?"

आई पदराशी चाळा करत राहिली. "ह्यांना अडवायची हिंमत झाली नाही म्हणून. तू असलीस तर बरं, असं वाटलं. चुकलं माझं."

शिट्टी त्या रात्री जेवली नाही आणि पुढचे कितीतरी दिवस दोघांशी कामापुरतंच बोलली. तिनं ओळखीच्या मेकॅनिकला बोलावून गाडीचे सगळे ब्रेक नव्यानं करायला दिले. बाबा गॅरेजकडे फिरकले नाहीत. खुर्ची खिडकीशी ओढून ते बसून असत. आई पेपर वाचे, आणि ते मधेच म्हणत, "पुरे."

एका दुपारी तलावावर तिचा वर्ग चालू होता. मुलं फळीला धरून पाय मारत होती. तिनं मान वर केली तर बाबा भिंतीला हात लावत, भिंतीच्या कडेकडेनं येत होते. ओल्या फरशीवर ते एकदा घसरता घसरता वाचले. ती धावत गेली आणि तिनं त्यांचा हात धरला.

"एकटे आलात? चालत?"

"कडा दिसतात म्हटलं ना," बाबा म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेशील का? कुणीतरी बरोबर पाहिजे. एकटा गेलो तर मी पुन्हा थाप मारीन."

डॉक्टरीण बाई तरुण होत्या, आवाजानं मृदू. त्यांनी बाबांना खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता उजळला. शिट्टी दाराशी उभी होती. 

"वरच्या ओळीपासून वाचा, काका."

बाबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.  बाई वाट बघत होत्या.

"हा तक्ता मला पाठ आहे," बाबा म्हणाले. "लायसन्सच्या वेळी माझ्या पुढच्या माणसानं वाचला, तेव्हाच पाठ केला होता. दुसरा लावा."

बाईंनी शिट्टीकडे बघितलं, मग बटण दाबलं. तक्ता बदलला. बाबा बराच वेळ तिकडे तोंड करून बसले.

"काही नाही," ते म्हणाले. "मधे काहीच नाही, बाई. कडेला तुमचा पांढरा कोट दिसतोय थोडा."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी चाकाचं स्टूल त्यांच्यासमोर ओढलं. "आता कधीपासून, ते सांगा. सगळं सांगा."

शिट्टी आत आली आणि बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसली.